शिकण्याचा पगार

"साहेब, शिकायचे पैसे तेच देणार म्हणतात. यात काही फसवाफसवी तर नाही ना?"

प्रश्न आमच्या शाखेतल्या जुन्या हेड कॅशियरच्या पत्नीचा होता. नवरा शेजारी गप्प बसला होता. आयुष्यभर नोटा मोजलेली माणसं बोलायला वेळ घेतात. मधल्या खुर्चीवर त्यांची मुलगी होती, एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेली, आणि तिच्या हातात दोन छापील पानं होती. मी आता कादंबऱ्या लिहितो. त्याआधी जवळजवळ चार दशकं बँकेत होतो. कादंबरीविषयी बोलायला माझ्याकडे फारसं कोणी येत नाही. कागद वाचून घ्यायला मात्र रविवारी कोणी ना कोणी येतंच.

वहिनींची शंका भाबडी म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती. त्यांच्याच इमारतीतल्या दोन घरांनी मुलांच्या परदेशी एम.एस.साठी फ्लॅट तारण ठेवला आहे. सल्लागाराची फी वेगळी, विम्याची वेगळी. परदेशी शिक्षण म्हणजे आपण पैसे भरायचे आणि पुढे दहा वर्षं हप्ते फेडायचे, हे समीकरण आता मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडलं आहे. तेव्हा कोणी उलट दिशेने पैसे देऊ लागलं, की मनात पहिली घंटा धोक्याची वाजते.

जाहिरात ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची होती. विषय, क्वांटम सिम्युलेशनचा सिद्धांत. जागा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची, म्हणजे तिकडच्या हिशेबाने कर्मचाऱ्याची. मी सवयीने आधी आकडे शोधले. ऑस्ट्रियात २०११ पासून नोकरीच्या जाहिरातीत किमान पगार लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे शोधावं लागलं नाही. आठवड्याला तीस तासांचा करार, कर आणि विमा कापण्याआधी महिन्याला अडीच-तीन हजार युरोंच्या घरातली रक्कम, आणि वर्षाचे पगार चौदा.

"चौदा?" हेड कॅशियर पहिल्यांदा बोलले.

बारा महिन्यांचे बारा, एक सुट्टीचा आणि एक नाताळचा, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. पंचवीस वर्षं ज्या माणसाने दिवाळीच्या ॲडव्हान्सचे हप्ते कापून घेतले, त्याला चौदावा पगार हा छापण्यातला दोष वाटला तर नवल नाही.

फसवाफसवी नव्हती. जर्मनी आणि ऑस्ट्रियात विज्ञानातली पीएच.डी. हे बहुतेक ठिकाणी पगारी काम असतं. करार असतो, आरोग्यविमा असतो, निवृत्तिवेतनासाठी कपात होते. करार बहुधा अर्ध्या ते तीन-चतुर्थांश वेळेचा असतो आणि काम पूर्ण वेळेपेक्षा जास्त, ही त्यातली खोच. ती मी वहिनींना सांगून टाकली. फी जवळजवळ नाहीच. मग प्रश्न उरला तो कामाचा. एखादं सरकार किंवा विद्यापीठ तीन-चार वर्षं पगार देऊन या मुलीकडून नेमकं काय करून घेणार? तिला विचारलं. पुढचे दोन महिने ती दर रविवारी येत राहिली, आणि मला थोडंफार कळत गेलं.

तिने सुरुवात खडकवासल्यापासून केली, ते बरं केलं. पुण्याजवळच्या खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ साली सुरू झालेलं. तिथे धरणांच्या आणि बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करतात. एखाद्या सांडव्यावरून पुराचं पाणी कसं उसळेल, हे कागदावरच्या गणिताने सगळं कळत नाही. म्हणून तिथे खरोखरचं छोटं धरण बांधून खरोखरचं पाणी सोडतात. पाण्याचं वागणं पाण्यालाच विचारायचं.

क्वांटम सिम्युलेशनचा विचार मुळात हाच आहे. अणू-इलेक्ट्रॉनांच्या जगाचे नियम, ज्यांना आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत पुंजयामिकी म्हणत, ते ठाऊक आहेत. समीकरण लिहिता येतं, अडचण ते सोडवण्यात आहे. एका कणाला वर किंवा खाली अशा दोनच अवस्था आहेत असं धरू. असे दहा कण एकत्र आले, की त्यांच्या मांडण्या १,०२४ होतात, आणि पुंजयामिकीत प्रत्येक मांडणीसाठी एक वेगळा आकडा जवळ बाळगावा लागतो. वीस कणांना १० लाख ४८ हजार ५७६ आकडे. तीस कणांना १०७ कोटींवर. पन्नास कणांना सुमारे १,१२६ लाख कोटी. नुसते ते आकडे साठवायचे म्हटले तरी जवळजवळ १ कोटी ८० लाख गिगाबाइट जागा लागेल. कण तीनशे झाले, की आकड्यांची संख्या दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंपेक्षाही मोठी होते. आणि चिमूटभर धातूत इलेक्ट्रॉन किती असतात, ते विचारूच नका. चक्रवाढ व्याजाने बुडालेली घरं मी पुष्कळ पाहिली, पण असं खातं पाहिलं नव्हतं.

१९८१ साली अमेरिकेत एम.आय.टी.च्या एका परिषदेत रिचर्ड फाइनमन यांनी यावर तोड सुचवली. निसर्ग पुंजयामिकीने चालत असेल, तर त्याची नक्कल करणारं यंत्रही पुंजयामिकीनेच चालणारं हवं. म्हणजे खडकवासल्याचीच युक्ती. ज्या पदार्थाचं कोडं सुटत नाही, त्याची अणूंनी बनलेली प्रतिकृती करायची, आणि गणित सोडवण्याऐवजी प्रतिकृतीकडे बघायचं.

प्रतिकृती कशी करतात, हे सांगायला तिने आमच्या स्वयंपाकघरातून अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणला. लेसरचे झोत समोरासमोर सोडले, की प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळून असे खळगे तयार होतात. त्या खळग्यांत अणू बसवायचे. अणू निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या अब्जांश भागाइतके थंड केलेले असतात, म्हणजे अंतराळातल्या पोकळीपेक्षाही कितीतरी गार. मग लेसर कमीजास्त करून खळगे उथळ किंवा खोल करता येतात. उथळ केले की अणू एका खळग्यातून दुसऱ्यात सहज सरकतात, खोल केले की जागच्या जागी अडकतात. खऱ्या स्फटिकात इलेक्ट्रॉन जे करतात, तेच इथे हजारपट मोठ्या अंतरांवर आणि पुष्कळ सावकाश घडतं, त्यामुळे ते पाहता येतं. १९८६ साली सापडलेले काही पदार्थ तुलनेने बऱ्याच वरच्या तापमानाला वीज बिनविरोध कशी वाहून नेतात, याचं सर्वमान्य उत्तर अजून मिळालेलं नाही. ते मिळण्याच्या आशेवर जगातल्या कितीतरी प्रयोगशाळांत असे ट्रे मांडून ठेवलेले आहेत.

"मग यात तुझं काम काय? तू तर प्रयोग करणार नाहीस," मी म्हटलं. 'सैद्धांतिक' हा शब्द मला खटकत होता. बँकेत सैद्धांतिक मंजुरी मिळाली म्हणजे पैसे मिळणार नाहीत, असा अर्थ होत असे.

तिने उत्तरादाखल दोन शोधनिबंधांची गोष्ट सांगितली. १९९८ साली इन्सब्रुकच्या गटाने कागदावर दाखवलं, की प्रकाशाच्या खळग्यांतले अणू एका विशिष्ट समीकरणानुसार वागतील, आणि खळगे खोल करत गेलं की एका टप्प्यावर मोकळे वाहणारे अणू एकदम जागी थिजतील. चार वर्षांनी, २००२ साली, म्युनिकमध्ये तो प्रयोग झाला आणि अणू तसेच थिजले. आज हा सगळा विषय त्या दोन निबंधांवर उभा आहे. "आणि काका, दोन्हींवर पहिलं नाव आहे ते त्या वेळी पीएच.डी. करणाऱ्या मुलाचं."

म्हणजे सिद्धांतवाल्याचं काम वास्तुविशारदाचं आहे. कोणत्या पदार्थाची प्रतिकृती करायची, त्यासाठी कोणते अणू आणि कसे झोत लागतील, उष्णता आणि गळती यांनी उत्तर किती बिघडेल, काय मोजलं म्हणजे उत्तर मिळालं असं म्हणायचं, हे तो ठरवतो. त्याला स्वतःची प्रयोगशाळा लागत नाही. एक संगणक, फळा, आणि शक्यतो शेजारच्या इमारतीत प्रयोग करणारी माणसं लागतात. इन्सब्रुकचं, म्युनिकजवळच्या गार्खिंगच्या माक्स प्लांक संस्थेचं आणि बार्सिलोनाजवळच्या 'इक्फो'चं नाव या विषयात सारखं निघतं, याचं एक कारण तिथे ही दोन्ही माणसं एकाच उपाहारगृहात जेवतात.

इथपर्यंत हेड कॅशियर ऐकत होते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याने मुलगी एकदम ताठ बसली.

"जे गणित कोणालाच सुटत नाही, त्याचं उत्तर तुमच्या यंत्राने दिलं. ते बरोबर आहे हे तपासणार कोण?"

तिने नंतर मला सांगितलं, की या विषयातला सगळ्यांत जिवंत प्रश्न बाबांनी पाच मिनिटांत काढला. मला आश्चर्य वाटलं नाही. रोख मोजणारा माणूस कधी एका हाताच्या मोजणीवर सही करत नाही. आणि १९९२ साल आमच्या पिढीच्या बँकवाल्यांना विसरता येत नाही. त्या वर्षी कोट्यवधींच्या बँक पावत्या या हातातून त्या हातात फिरत होत्या आणि त्यांच्यामागे रोखे आहेत की नाहीत, हे उघडून पाहायला कोणाला सवड नव्हती.

इथे मात्र उघडून पाहणारे आहेत. जून २०२३ मध्ये आयबीएमने १२७ क्यूबिटच्या यंत्रावर केलेल्या चुंबकाच्या एका नकलेचं काम 'नेचर'मध्ये छापून आलं. सूर असा, की साध्या संगणकाला हे जड जाईल. काही आठवड्यांतच निरनिराळ्या गटांनी तेच गणित साध्या संगणकांवर अधिक अचूक करून दाखवलं. वापरलेल्या काही पद्धती टेन्सर नेटवर्क नावाच्या कुळातल्या होत्या, ज्याचं बीज १९९२ सालच्या एका सैद्धांतिक कामात आहे. मार्च २०२५ मध्ये डी-वेव्ह कंपनीने 'सायन्स'मध्ये असाच दावा केला, त्यावरही लगेच वाद झाला. म्हणून ती यंत्रं निकामी ठरत नाहीत. पण साधा संगणक नेमका कुठे हात टेकतो आणि प्रतिकृती कुठून पुढे उपयोगी पडते, ही सीमा आखायचं काम सिद्धांतवाल्यांकडे आलं आहे. लहान प्रतिकृती घ्यायची, जिचं उत्तर ठाऊक आहे, तिच्यावर यंत्र पारखायचं. मग तेच कोडं दोन वेगळ्या प्रकारच्या यंत्रांना, एकदा आयनांच्या आणि एकदा उदासीन अणूंच्या, घालायचं आणि उत्तरं ताडून पाहायची. यंत्राने प्रत्यक्षात कोणतं समीकरण पाळलं, हे त्याच्या वागण्यावरून उलटं शोधायचं. हा लेखापरीक्षकाचा उद्योग आहे. क्वांटम या शब्दावर आज जगभर जे भांडवल गोळा होतं आहे, ते पाहता असे परीक्षक जितके असतील तितके थोडेच.

आता वहिनींचा प्रश्न. संधी किती आणि कुठे?

युरोपात प्रवेश परीक्षा सहसा नसते. जागा निघते, अर्ज करायचा, प्राध्यापक मुलाखत घेतो आणि एम.एस्सी.चा प्रबंध खरोखर तुम्ही केलात का, हे अर्ध्या तासात ओळखतो. आपली दोन वर्षांची एम.एस्सी. बहुधा चालते. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजनेतल्या डॉक्टरल जाळ्यांतून छत्तीस महिन्यांचा पगार मिळतो. त्यात एक अट आहे, जी आपल्याकडच्या पालकांनी दोनदा वाचावी. ज्या देशात जागा आहे, त्या देशात उमेदवार आधीच्या तीन वर्षांत बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावा. म्हणजे चाळीस लाख कर्ज काढून जर्मनीत एम.एस. केलेल्या मुलाला जर्मनीतल्या या जागा बंद, आणि पुण्या-कोल्हापुरात एम.एस्सी. केलेल्या मुलीला खुल्या! एरवी नियम नेहमी आपल्या विरुद्ध असतात. हा एक बाजूने आहे.

अमेरिकेचा रस्ता वर्षानुवर्षं सगळ्यांत रुंद होता. २०२५ च्या वसंतात तिथल्या संघराज्य सरकारने संशोधनाच्या निधीला कात्री लावल्यावर कित्येक विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेश कमी केले किंवा थांबवले. त्याच वर्षी सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. दार बंद झालेलं नाही, पण तिकडे पाहून आयुष्याचं गणित मांडू नये, एवढं मी तिला सांगितलं.

आणि आपल्याकडे? आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ बरं आहे. प्रयागराजजवळ झूंसीला हरीश-चंद्र संशोधन संस्था आहे, फक्त गणित आणि सैद्धांतिक भौतिकीला वाहिलेली. तिथल्या अदिती सेन दे यांना २०१८ चा भटनागर पुरस्कार मिळाला. भौतिक विज्ञानात तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. विषय हाच, क्वांटम माहिती. मुंबईची टीआयएफआर, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, रामन संशोधन संस्था आणि आयसीटीएस, चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, कोलकात्याची इंडियन असोसिएशन, ही नावं घरोघरी माहीत नाहीत एवढंच. पुण्याच्या आयसरमध्ये अतिशीत अणूंची प्रयोगशाळाही आहे आणि त्या अणूंचा सिद्धांत मांडणारेही. ज्या अणूंच्या समुदायावर हा सगळा डोलारा उभा आहे, त्याचं गणित १९२४ साली ढाक्याला बसून सत्येंद्रनाथ बोस यांनी सुरू केलं होतं. त्यामुळे आपल्याला हे परकं वाटण्याचं कारण नाही.

पैसाही आला आहे. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला ६,००३ कोटी ६५ लाख रुपये मंजूर केले, २०३०-३१ पर्यंतसाठी. बंगळुरू, मद्रास, मुंबई आणि दिल्ली अशी चार केंद्रं ठरली. त्यातलं मापन आणि संवेदकांचं केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. मोहिमेची जी उद्दिष्टं गाजली, ती मी वाचली. आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटची यंत्रं, दोन हजार किलोमीटरपर्यंत उपग्रहामार्फत सुरक्षित संदेश. सगळी उद्दिष्टं मोजता येण्याजोगी आहेत, ते चांगलंच. पण ती यंत्रांत आणि किलोमीटरांत मोजलेली आहेत. यंत्राने दिलेलं उत्तर तपासू शकणारी माणसं किती लागतील आणि ती कोणत्या घरांतून येतील, याचा रकाना ठळक अक्षरांत कुठे दिसला नाही.

तो रकाना मला का खुपतो, ते सांगतो.

२००३ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. पहिल्या वर्गात झालेला एक मुलगा शैक्षणिक कर्जासाठी आला. वडील एसटीत चालक. त्याला जर्मनीतल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी घेतलं होतं. त्याला फी नको होती. हवं होतं विमानाचं तिकीट, व्हिसासाठी दाखवायची रक्कम आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचा दोन महिन्यांचा खर्च. नियमांत बसवायचं म्हटलं असतं तर बसलं असतं. मी टिपणात लिहिलं, 'अभ्यासक्रम नोकरीभिमुख नाही. परतफेडीची क्षमता अनिश्चित.' वरच्या कार्यालयाने ते मान्य केलं. ते माझं टिपण वाचूनच निर्णय घेत असत.

त्याच्या पत्राला दोन पानं होती. दुसऱ्या पानावर पगार लिहिलेला होता, करार किती वर्षांचा तेही होतं. मी दुसरं पान वाचलं नाही. मार्च महिना होता, वसुलीचे फोन चालू होते, आणि पीएच.डी. म्हणजे शिक्षण, शिक्षण म्हणजे खर्च, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. २०१९ साली एका लग्नात तो भेटला. त्याच गावात जेईईचे क्लास घेतो, नाव कमावलं आहे, वाकून नमस्कार केला. त्याने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

म्हणून हेड कॅशियरच्या मुलीचे कागद मी दोनदा वाचले. तिच्या वाटेत पैशाची अडचण आहेच, पण ती रकमेची कमी आणि तारखेची जास्त आहे. इकडे राहायचं तर जेस्ट, गेट किंवा नेट द्यायची. नेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून पदवीनंतर लागणाऱ्या मुलाचं मूळ वेतनच आज ४८,४८० रुपये आहे. तरीही ३७,००० मध्ये जगता येतं, जर ते दर महिन्याला आले तर. जून २०२४ मध्ये सीएसआयआरची नेट परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली गेली, ती जुलैअखेरीस झाली. विद्यावेतन महिनोन्‌महिने थकतं, ही तक्रार संशोधक विद्यार्थी वर्षानुवर्षं करत आले आहेत. २०१८-१९ मध्ये देशभरच्या प्रयोगशाळांतून मुलं फेलोशिपवाढीसाठी रस्त्यावर आली, तेव्हा कुठे २५,००० चे ३१,००० झाले, आणि पुढची वाढ चार वर्षांनी.

ज्या घरात वडिलांचं निवृत्तिवेतन आहे, तिथे चार महिने पैसे थकले तर मुलगी घरून मागवते. ज्या घरात तीच पैसे पाठवणार असं ठरलं आहे, तिथे ती दुसऱ्या वर्षी संशोधन सोडून एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत जाते, आणि आपण म्हणतो, तिला आवड नव्हती. संशोधनाला हुशारी लागते हे आपण धरून चालतो. थांबण्याची ऐपतही लागते, ती मोहिमेच्या कागदात येत नाही.

महाराष्ट्राला तर हे सांगायलाच नको. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप नेमक्या त्या दुसऱ्या प्रकारच्या घरांसाठी आहेत. २०२३ मध्ये त्याच हक्काच्या पैशांसाठी पीएच.डी.चे विद्यार्थी आझाद मैदानात आंदोलनाला बसले होते. आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात सत्ताधारी बाकावरून विचारणा झाली, की पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार? वाक्य गाजलं, त्यावर बरंच बोललं गेलं. मला मात्र ते ऐकून माझंच २००३ सालचं टिपण आठवलं. भाषा वेगळी होती, मजकूर तोच.

परदेशात सगळं सोन्याचं आहे असंही मी त्या घरी सांगितलं नाही. जर्मनीत कायद्याने पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षं अशी हंगामी करारांची मुदत आहे. नंतर कायम जागा मिळाली नाही, तर विद्यापीठाबाहेर. २०२१ मध्ये तिथल्या तरुण संशोधकांनी यावर मोठा गदारोळ केला. सिद्धांतवाल्याची पदवी झाली, की दोन किंवा तीन पोस्टडॉक, बहुधा दोन किंवा तीन देशांत, आणि मग प्राध्यापकाच्या मोजक्या जागा. वय तोवर पस्तिशीला टेकतं. मुलींच्या बाबतीत आपल्याकडे ही वर्षं कशी मोजतात, ते वाचकांना ठाऊक आहे. दुसरीकडे, टेन्सर नेटवर्क लिहू शकणाऱ्या मुलीला आज काम मिळणार नाही असं नाही. पॅरिसजवळ २०१९ साली निघालेली पास्कल किंवा बॉस्टनची क्वेरा, या कंपन्या अशाच अणूंच्या मांडण्या विकतात. क्वांटमची लाट ओसरली तरी संभाव्यता, संगणकी भाषा आणि चुकीचा अंदाज घेण्याची सवय हातात राहते. बँकेच्या भाषेत, तारण बरं आहे.

मी तिला कागदावर एवढंच लिहून दिलं, की संस्थेचं नाव पाहू नकोस, मार्गदर्शकाचे जुने विद्यार्थी शोध. किती जणांनी वेळेत पदवी घेतली, किती मध्येच गेले, आणि जे गेले ते आज त्याच्याशी बोलतात का. कर्ज देताना आम्ही ताळेबंद मागवत असू, पण खरी माहिती शेजारच्या दुकानदाराकडून मिळत असे. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, "काका, मी दोघींना ई-मेल केला होता. एकीचं उत्तर आलं."

"काय म्हणते?"

"म्हणते, सर चांगले आहेत, पण जर्मन शिक, नाहीतर पहिला हिवाळा फार लांब वाटतो."

मुलाखत गेल्या गुरुवारी दुपारी झाली, संगणकावरच. पंचेचाळीस मिनिटं. तिच्या एम.एस्सी.च्या प्रबंधातल्या एका आकृतीवर त्यांनी बराच वेळ घालवला. आठ कणांपर्यंत तिचं उत्तर बरोबर येतं, दहाव्याला बिघडतं. का, असं विचारलं. तिने सांगितलं, ठाऊक नाही, आणि काय तपासून पाहीन तेही सांगितलं. इकडच्या एका संस्थेची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. तिचा कल कुठे आहे हे मला अजून नीट कळलेलं नाही, आणि बहुधा तिलाही.

काल संध्याकाळी वहिनींचा फोन आला. मला वाटलं निकाल लागला. तसं काही नव्हतं.

"साहेब, ह्यांनी विचारायला सांगितलंय. ते वरचे दोन पगार आहेत ना, त्यांच्यावरही कर कापतात का?"

त्यांच्यावर कर बराच सवलतीचा असतो, मी म्हटलं. पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला.